मिलानच्या रॅम्पवरची सँडल आणि चप्पल लाईनमधलं पायताण

२२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचा पुरुषांसाठीचा स्प्रिंग-समर २०२६ चा शो झाला आणि कपड्यांपेक्षा जास्त चर्चा पायांची झाली. कलेक्शन मिउच्चा प्राडा आणि राफ सिमन्स या डिझायनर जोडीचं. जागा कंपनीच्या कलासंस्थेच्या, फोन्दाझिओने प्राडाच्या आवारातली, जमिनीवर फुलांच्या आकाराचे जाड, केसाळ गालिचे. तिथे फिरणाऱ्या काही मॉडेलच्या पायात सपाट तळाची, अंगठ्याला कडं असलेली तपकिरी चामड्याची चप्पल होती. ती कोल्हापुरी चप्पल आहे हे कोल्हापुरातलं शाळकरी पोरसुद्धा एका नजरेत सांगेल. शोच्या माहितीत मात्र तिला नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं होतं.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने प्राडाला पत्र लिहिलं, प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे हे कंपनीने मान्य केलं, जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबर २०२५ मध्ये आपलं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २,००० जोड्या, इथेच बनवायच्या, किंमत साधारण ८०० युरो. या सगळ्यावर भरपूर लिहून झालंय. माझं म्हणणं एवढंच की कोल्हापुरीचं नाव पहिल्या दिवशी घ्यायला हवं होतं. मार्च २०२३ मध्ये डिओर या फ्रेंच फॅशन घराण्याने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, तेव्हा भरतकाम करणाऱ्या मुंबईच्या चाणक्य कार्यशाळेचं नाव सुरुवातीपासून पुढे होतं. मोठ्या घराण्याला हे जमतं, त्यात त्याचा तोटाही होत नाही.

इथे बघायचंय ते दुसरंच. त्या शोमधून घालण्या-नेसण्याच्या बाबतीत घेण्यासारखं काय आहे, आणि ते घ्यायला भवानी मंडप-शिवाजी चौक परिसरातल्या चप्पल लाईनमध्ये गेलात तर पैसे कशावर टाकायचे.

आधी रॅम्प. शो म्हणून तो चांगला होता. आखूड, चुणीदार चड्ड्या, लांब शर्ट, ट्रॅकसूट, डोक्यावर रॅफियाच्या (ताडाच्या पानांच्या धाग्याच्या) टोप्या. कुठेही जोर लावल्यासारखं नाही. चप्पल उठून दिसली त्याचं कारण सोपं आहे, पोटऱ्या उघड्या होत्या. कोल्हापुरी चपलेचं सगळं काम पायाच्या वरच्या भागावर असतं. वेणी, पट्टा, अंगठा, आणि तळाच्या दोन्ही बाजूंनी वर आलेले चामड्याचे तुकडे, म्हणजे कान. त्यावर पँटची किनार आली की अर्धी चप्पल झाकली जाते आणि उरतो तो एक तपकिरी तुकडा. आपल्याकडे लग्नाच्या फोटोंत हे नेहमी दिसतं. भारीतली कापशी घडणीची जोडी, आणि तिच्यावर चुरगळून बसलेली सलवार नाहीतर लांब चुडीदार. रॅम्पवरून घेण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. पँटची किनार घोट्याच्या वर दोन-तीन बोटं ठेवा.

दुसरी गोष्ट रंगाची. चामड्याचा नैसर्गिक तपकिरी रंग आणि कपड्यांचे फिके रंग एकमेकांजवळ ठेवले होते. आपण कोल्हापुरी म्हटलं की लगेच जरीकाठ, भगवा फेटा, मोरपंखी पैठणी अशी गर्दी करतो. सणाला ते शोभतं. पण रोजच्या वापरात हीच चप्पल इचलकरंजीच्या साध्या सुती कापडाच्या सैल पँटवर आणि बाह्या दुमडलेल्या पांढऱ्या शर्टवर जास्त खुलते. त्याच आठवड्यात पॅरिसमध्ये फॅरेल विल्यम्सचा लुई व्हितोंसाठीचा शो झाला. त्याचा सेट 'स्टुडिओ मुंबई'चे वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांनी केला होता, सापशिडीचा पट. भारत तिथेही होता, पण नाव घेऊन होता. दोन्ही शो एकापाठोपाठ बघितले की लक्षात येतं, उन्हाळी कपड्यांत सपाट, उघडं पादत्राण आता घरगुती राहिलेलं नाही, शिवलेल्या सुटाखालीही ते चालतं. कोल्हापुरात कोर्टात काळ्या कोटाखाली कोल्हापुरी घातलेले ज्येष्ठ वकील बघितलेल्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही.

रॅम्पवर चपलेचा एक भाग कधीच नीट दिसत नाही, तो म्हणजे तळ. कॅमेरा समोरून येतो, मॉडेल वीस-तीस सेकंद दिसतो, गालिचा मऊ असतो. म्हणून चपलांसाठी शो बघायचा असेल तर मॉडेल वळून पाठमोरा जातो तिथे व्हिडिओ थांबवा. टाच तळाला धरून उचलली जातेय की चप्पल मागे लोंबतेय, बोटं आवळून धरलीत का, कड बाहेर गेलीय का, हे मागूनच कळतं. बोटं आवळलेली दिसली तर समजा पट्टा सैल आहे. चप्पल लाईनमध्ये आरशासमोर उभं राहून वरची वेणी न्याहाळण्यापेक्षा हेच करायचं. सोबतच्या माणसाला मागे उभं करा, दहा पावलं चाला, आणि त्याला फक्त टाचेकडे बघायला सांगा.

आता खुद्द वस्तू. चांगल्या कोल्हापुरीत खिळा नसतो. तळ दोन किंवा जास्त पदरी, सहसा म्हशीच्या जाड चामड्याचा. वेणी आणि वरचं नाजूक काम पातळ चामड्याचं, बहुतेक बकरीच्या. वरच्या आणि खालच्या तळामध्ये कानांची मुळं दाबून बसवतात आणि सगळं चामड्याच्या वादीने, म्हणजे बारीक पट्टीने, शिवतात. आरीने भोक पाडायचं, वादी ओढून घ्यायची, हातोडीने ठोकून टाका चामड्यात बुडवायचा. शेवटी रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, कड एकसारखी कापायची. अंगठ्याचं कडं आणि पायावरचा पट्टा कानांना जोडला जातो, म्हणजे चालताना पायाचा सगळा ताण येतो तो कानांवर. म्हणूनच कान हा कोल्हापुरीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि गिऱ्हाईक सगळ्यात कमी बघतं तोही हाच.

तो असा तपासा. चप्पल डाव्या हातात धरा, उजव्या हाताच्या अंगठ्याने कान बाहेरच्या बाजूला दाबा. कानाच्या मुळाशी, दोन तळांच्या मध्ये, फट उघडली आणि सोडल्यावर लगेच मिटली तर ठीक. फट उघडीच राहिली, किंवा आत चकाकणाऱ्या गोंदाची रेघ दिसली, तर कान चिकटवलेला आहे, शिवलेला नाही. अशी चप्पल पहिल्या पावसाळ्यात उसवणार. दुसरं, कान किती खोल आत गेलाय ते कडेवरच्या टाक्यांवरून कळतं. टाका कानाच्या मुळातून आरपार गेलेला हवा. खालच्या बाजूला उलटं करून बघितलं की टाक्यांची रांग कानाखालून सलग गेलेली दिसते. रांग कानाशी तुटून पुढे सुरू झालेली असेल तर ती जोडी खाली ठेवा.

मग कातडं. झाडसालीवर कमावलेलं आणि क्रोमवर कमावलेलं यातला फरक दुकानात उभ्या उभ्या ओळखता येतो. आपल्याकडची जुनी पद्धत बाभळीची साल आणि हिरडा यांची. आधी चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, मग सालीच्या अर्कात मुरवायचं. त्याला आठवडे लागतात. क्रोमच्या क्षारांत तेच काम दिवसा-दोन दिवसांत होतं, म्हणून ते स्वस्त. क्रोमवर कमावलेलं कातडं कच्चं असताना निळसर असतं, आणि वरून कितीही तपकिरी रंग दिला तरी कापलेल्या कडेच्या मधोमध निळसर-राखाडी झाक राहते. झाडसालीचं कातडं आतून बाहेरून तपकिरी. कड रंगवलेली असेल तर अंगठ्याच्या भोकाची आतली बाजू बघा, तिथे रंग सहसा पोचलेला नसतो. वासही सांगतो. झाडसालीच्या कातड्याला मातकट, थोडा तुरट वास, रसायनी वास नाकात शिरतो, रेक्झिनला प्लास्टिकचा. अजून खात्री हवी असेल तर दुकानदाराला विचारून तळाच्या न रंगवलेल्या भागावर पाण्याचा एक थेंब टाका. झाडसालीचं कातडं तो पिऊन गडद होतं, रेक्झिनवर थेंब तसाच बसून राहतो.

क्रोमचं कातडं वाईट असं नाही. वरच्या पट्ट्याला ते मऊ पडतं, पाण्याला जास्त टिकतं. पण तळाला नको. झाडसालीचा तळ घाम पितो आणि महिन्याभरात पायाचा ठसा घेतो. टाचेचा खळगा, बोटांच्या जागा, सगळं उमटतं. त्यानंतर ती चप्पल दुसऱ्या कुणाच्याही पायाला बसत नाही. कोल्हापुरी उन्हाळ्यात पायाला थंड वाटते ती या तळामुळे. क्रोमच्या किंवा रबराच्या तळावर हे घडत नाही आणि मे महिन्यात पाय सटकायला लागतो.

सगळ्यात जास्त फसवणूक टाचेत होते. टाच म्हणजे चामड्याचे तुकडे एकावर एक ठेवून केलेली उंची. स्वस्त मालात मधल्या पदरांत दाबलेला पुठ्ठा किंवा चामड्याच्या भुग्याची पाटी भरतात. वरून रंग मारला की बाहेरून कळत नाही. टाचेच्या कडेला नखाने जोरात दाबा. चामड्यावर नखाची खूण उमटते आणि हळूहळू भरून येते. पुठ्ठ्यावर कड चुरते, पापुद्रा सुटतो. वजनही बघा. एकाच मापाच्या, एकाच घडणीच्या दोन जोड्या दोन हातांत घ्या; पुठ्ठा भरलेल्या टाचेची जोडी हलकी लागते. पुठ्ठ्याची टाच कोरड्या दिवसांत वर्षभर चालेल, पण एकदा भिजली की फुगते, टाके ताणले जातात आणि मागचा तळ पानासारखा उघडतो.

'कर्र कर्र' वाजणाऱ्या चपलेचंही सांगितलं पाहिजे, कारण पुण्या-मुंबईहून येणारे आवर्जून तीच मागतात. तळाच्या दोन पदरांमध्ये बी घालून तो आवाज काढतात. कारागीर त्याला विंचू म्हणतात. चांगली बसवली तर आवाज दोन्ही पायांचा सारखा येतो आणि टिकतो. एकाच पायाची वाजत असेल, किंवा आवाज सुक्या पानासारखा चुरचुरीत असेल, तर तो विंचवाचा नाही, सैल पदरांचा आहे. ऑफिसात, दवाखान्यात, वाचनालयात घालणार असाल तर न वाजणारीच घ्या. दुकानदार "ताई, आवाज हाच तर ह्याचा रुबाब बघा" म्हणेल. रुबाब आहेच, पण रोज आठ तास ऐकायचा असेल तर विचार करावा.

घडणीची नावं लोकांना गोंधळात टाकतात. कापशी आणि कुरुंदवाडी ही गावांवरून आलेली नावं, पुडा आणि बक्कलनाळी ही घडणीची. दुकानागणिक तीच नावं जरा वेगळ्या मालाला लावलेली दिसतात, त्यामुळे नाव विचारण्यापेक्षा काम बघावं. नाजूक, सुबक, पातळ कामाची जोडी समारंभाला. रुंद पट्ट्याची, जाड तळाची जोडी चालायला. रॅम्पवरची सँडल पहिल्या प्रकाराकडे झुकणारी होती, दिसायला हलकी. तशी हवी असेल तर घ्या, पण ती घालून जोतिबाच्या पायऱ्या चढायची अपेक्षा ठेवू नका. पातळ तळाला खडा टोचतो आणि डांबराचा चटका आत येतो.

माप. इथे बहुतेकांची चूक होते. कोल्हापुरी लांबीत सैल पडत नाही, रुंदीत पडते. नवीन जोडीत टाच तळाच्या कडेला बरोबर यावी किंवा अर्ध्या बोटाने आत. टाच बाहेर लोंबली तर ते माप लहान, ते कधीच सुधारत नाही. पट्टा मात्र घट्टच हवा. "पंधरा दिवसांत ढिलं पडतंय बघा" हे दुकानदाराचं वाक्य पट्ट्याच्या बाबतीत खरं आहे. लांबीच्या बाबतीत कुणी तेच म्हणालं तर विश्वास ठेवू नका. घट्ट म्हणजे किती? पट्ट्याखाली करंगळी जेमतेम सरकावी. दोन बोटं आरामात गेली तर महिन्याभराने चप्पल फटफटायला लागेल. अंगठ्याच्या कड्यात अंगठा नखाच्या मागे, सांध्याच्या पुढे बसला पाहिजे. कडं सांध्यावरच आलं तर तिथे रोज घासणार आणि सोलणार. खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात, माप खरं मिळतं. डावा-उजवा दोन्ही घालून बघा, हाताच्या कामात दोन्ही पायांत थोडा फरक राहतोच.

पहिला आठवडा चपलेचा असतो. झाडसालीचं कातडं सुरुवातीला कडक असतं, कारण त्यात तेल कमी असतं आणि तंतू एकमेकांवर सरकत नाहीत. म्हणून लोक चावते चावते म्हणतात. उपाय साधा आहे. एरंडेलाचे चार-पाच थेंब बोटावर घेऊन अंगठ्याच्या कड्याच्या आतल्या बाजूला, पट्ट्याच्या खालच्या बाजूला आणि कानांच्या वळणावर चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी सुती फडक्याने पुसा. पहिल्या दिवशी अर्धा तास घरात घाला, रोज थोडं वाढवा, आठव्या दिवसापासून बाहेर. तेल ओतू नका. जास्त तेलाने कातडं काळवंडतं, पट्टा ताणला जाऊन कायमचा सैल होतो, आणि तळातल्या वाद्या मऊ पडून टाके ढिले होतात. खोबरेल चालतं, पण कातडं जास्त गडद करतं आणि मागे वास राहतो. चप्पल पाण्यात भिजवून घालावी असं अजून कुणी कुणी सांगतं. तसं करू नका, पट्टा ताणण्याच्या नादात तळ फुगतो.

रंगीत जोडीला आणखी एक काळजी. काळा आणि लालसर रंग सुरुवातीला घामाबरोबर सुटतो. टाचेला आणि पांढऱ्या पँटच्या किनारीला डाग पडतात आणि किनारीचे डाग निघत नाहीत. ओल्या पांढऱ्या फडक्याने आतला तळ दुकानातच पुसून बघा. फडकं रंगलं तर ती जोडी पहिले पंधरा दिवस गडद कपड्यांवरच घाला. जरीच्या पट्ट्या लावलेल्या चपलांत जरीची पट्टी शिवलेली आहे का ते बघा. चिकटवलेली जरीची पट्टी चपलेचा पट्टा वाकतो तिथे चारच दिवसांत उभी राहते.

कपड्यांकडे परत येऊ. पुरुषांसाठी सांगितलंच, घोट्याच्या वर किनार, सरळ किंवा थोडी सैल पँट. खूप घेरदार, जमिनीला टेकणारी पँट या चपलेवर नको. सपाट तळामुळे किनार टाचेखाली येते, चालताना पायाखाली दबते आणि मागून झिजते. नेहरू जॅकेट आणि धोतरावर कापशी चांगलीच दिसते, पण त्याच धोतराऐवजी साधी सुती पँट आणि वर तेच जॅकेट घालून बघा, चप्पल अचानक आजची वाटते. मोज्यांवर सँडल हा रॅम्पवरचा प्रकार कोल्हापुरीवर जमत नाही. अंगठ्याचं कडं मोज्याला अडतं, आणि अंगठा वेगळा असलेले मोजे घातले तरी पट्ट्याखाली गोळा होतो.

बायकांसाठी साडीचं गणित महत्त्वाचं आहे. हिलवर नेसायची सवय असेल तर त्याच अंदाजाने नेसलेली साडी कोल्हापुरीवर चार-पाच सेंटीमीटर लांब पडते आणि फॉल जमिनीवर घासतो. चप्पल घालूनच निऱ्या घाला. आधी चप्पल, मग परकराची उंची, मग साडी. नऊवारीवर पाय मोकळा असतो, तिथे अडचण नाही. सहावारीला परकराची नाडी एक बोट वर बांधली तरी काम होतं. हुपरीचे चांदीचे पैंजण घालणार असाल तर वरची वेणी साधी घ्या. घुंगरू, गोंडा, जरीचं काम आणि पैंजण सगळं एकत्र आलं की नजर कुठेच थांबत नाही, शिवाय पैंजणाची कडी गोंड्याच्या दोऱ्यात अडकते. ऑफिसला सुती कुर्ता आणि घोट्याच्या वरची सरळ पँट, पायात नैसर्गिक रंगाची न वाजणारी जोडी, गळ्यात काही नाही, कानात छोट्या कुड्या. मिलानच्या शोमधली मोकळीक इथे घरच्या कपड्यांत मिळते.

किंमत. तीन-चारशे रुपयांत रस्त्यावर मिळते ती दिसायला कोल्हापुरी असते, पण वर रेक्झिन, खाली रबर, मध्ये पुठ्ठा आणि खिळे. एका सहलीपुरती घ्यायची तर हरकत नाही. हाताने शिवलेल्या, झाडसालीच्या तळाच्या जोडीला हजाराच्या वरच जावं लागतं, वेणीकाम दाट असेल तर आणखी वर. घासाघीस करताना एवढं लक्षात ठेवावं की कमावणं, कापणं, शिवणं, वेणी विणणं ही वेगवेगळ्या हातांची कामं आहेत. सुभाषनगर, जवाहरनगर भागांत आणि आसपासच्या गावांत घराघरांत ती चालतात आणि वेणीचं बरंच काम बायका करतात. शंभर रुपये तुटले तर ते पहिल्यांदा त्या हातांतून तुटतात. ८०० युरोच्या जोडीशी तुलना करायची असेल तर मी ती दोन ठिकाणीच करेन, कड किती एकसारखी कापली आहे आणि डाव्या-उजव्या पायातला फरक किती कमी आहे. या दोन बाबतींत चप्पल लाईनमधला बराच माल कमी पडतो, हे मान्य केलं पाहिजे. रापीचं शेवटचं काम घाईत होतं. टाका चांगला असतो, कातडं चांगलं असतं आणि कड ओबडधोबड. तिथे अर्धा तास जास्त दिला तर दुप्पट भाव मागता येईल, आणि द्यायला लोक तयार आहेत.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. त्यामुळे चप्पल लाईनमध्ये अथणी-निपाणीकडचा माल दिसला तर तो 'डुप्लिकेट' म्हणून हिणवू नये, तिथले कारागीर तेच काम पिढ्यानपिढ्या करत आलेत. लिडकॉमने आता क्यूआर कोडही आणलाय. तो स्कॅन केला की कारागिराचं किंवा बचत गटाचं नाव, जिल्हा, वापरलेला माल आणि मानांकनाची वैधता दिसते. दुकानात विचारा. कोड असलेली जोडी थोडी महाग पडली तरी घ्या, कारण कारागिराचं नाव गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याचा आज तोच सरळ मार्ग आहे. कोड नाही म्हणून माल खोटा असंही नाही. तेव्हा कान, कड आणि टाच या तीन गोष्टींवर भरवसा ठेवा.

वापरात काय बिघडतं तेही आधी माहीत असलेलं बरं. सगळ्यात आधी झिजते ती टाचेची बाहेरची कड आणि चवड्याखालची वादी. वादी तळाच्या खालून जाते, डांबरावर ती घासली जाते आणि एक टाका तुटला की शेजारचे सैल पडतात. म्हणून महिन्यातून एकदा उलटी करून बघा आणि पहिला टाका तुटलेला दिसला की लगेच शिवून घ्या. एका टाक्याचं काम दहा मिनिटांचं असतं. दहा टाके तुटल्यावर सगळा तळ उसवून शिवावा लागतो आणि जुन्या भोकांतून दुसऱ्यांदा शिवलेला टाका तितका धरत नाही. शहरात रोज चालणाऱ्यांनी खाली पातळ रबरी शीट लावून घ्यावी, वादी वाचते. पण ती चिकटवून घ्या, खिळे मारू देऊ नका. खिळ्याच्या भोकातून पाणी आत जातं, खिळा गंजतो आणि भोवतालचं कातडं काळं पडून ठिसूळ होतं. शीट लावल्यावर चप्पल थोडी जड होते, आवाज दबतो, तळाचा थंडावाही थोडा कमी होतो. हा सौदा ज्याचा त्याने करायचा.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात ही चप्पल घालू नये, एवढं सरळ. भिजलीच तर चिखल ओल्या फडक्याने पुसा, कोरड्या फडक्याने टिपा, आत कागदाचे बोळे ठेवून सावलीत, वारं लागेल अशी आडवी ठेवून वाळवा. ऊन, हीटर, गॅसजवळची जागा, हेअर ड्रायर काही नको. वरचा पदर आधी आकसतो, खालचा नंतर, आणि तळ केळ्यासारखा वाकतो. पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागतात. नंतर एरंडेलाचा अगदी हलका हात. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या चपलांवर हमखास बुरशी येते, कारण ओल आतच कोंडते. सुती पिशवीत ठेवा, तळाशी वर्तमानपत्र घाला, पंधरा दिवसांनी एकदा काढून तासभर हवा द्या. पांढरी बुरशी दिसलीच तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा, मग वाळवा आणि मगच तेल लावा. बुरशीवर तेल लावलं तर डाग कायमचा बसतो.

नवीन जोडी घ्यायची असेल तर पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आधीचे दिवस चांगले. हवा कोरडी होत असते, माल ताजा येतो, आणि दिवाळीच्या गर्दीत दुकानदाराला कान दाबून दाखवायला वेळ नसतो तो या दिवसांत असतो. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या नका जाऊ. संध्याकाळी पाचनंतर जा, दोन जोड्या उलट्या करून शेजारी ठेवायला सांगा आणि तळ बघायला सुरुवात करा.